बॉर्डर कॉली: घरी आणण्याआधी आणि आणल्यानंतर

बॉर्डर कॉली पाळायचं ठरवलेल्या माणसाला चारही बाजूंनी एकच सल्ला मिळतो: भरपूर पळवा, दमला की गप पडेल. मला हा सल्ला पटत नाही. हा कुत्रा पळून थकत नाही, पळून आणखी तयार होतो. रोज तासभर चेंडूमागे पळवलेल्या कुत्र्याचा दमसास काही महिन्यांत इतका वाढतो की तोच तास त्याला अपुरा पडायला लागतो. मग दीड तास, मग दोन. शेवटी माणूस हात टेकतो आणि कुत्रा चेंडू तोंडात धरून दाराशी उभाच. या जातीला दोन गोष्टी लागतात: डोक्याला पुरेल असं काम, आणि काम संपलं की ते सोडून स्वस्थ पडून राहायची सवय. पहिली गोष्ट बरेच जण मन लावून देतात. दुसरी मुद्दाम शिकवावी लागते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

हा कुत्रा असा का आहे

इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ कुरणांत ही जात घडली. १८९३ साली नॉर्थंबरलँडमध्ये अ‍ॅडम टेलफर यांच्याकडे जन्मलेला 'ओल्ड हेम्प' हा आजच्या जवळजवळ सगळ्या बॉर्डर कॉलींचा पूर्वज मानला जातो. आरडाओरडा न करता, नुसत्या नजरेनं आणि चालीनं मेंढ्या हलवणारा कुत्रा अशी त्याची ख्याती होती. १९०६ मध्ये 'इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी' स्थापन झाली. तिच्या वंशनोंदींमागे आणि स्पर्धांमागे एकच कसोटी होती: कुत्रा काम कसं करतो? रूपाकडे कुणी फारसं पाहिलंच नाही. म्हणून आजही या जातीत काळे-पांढरे, लालसर, तिरंगी, लांब केसांचे, आखूड केसांचे, उभ्या कानांचे, पडक्या कानांचे असे सगळे नमुने दिसतात. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आणि प्रदर्शनं भरवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबनं या जातीला १९७६ मध्ये मान्यता दिली, अमेरिकन केनेल क्लबनं १९९५ मध्ये; आणि तीही कामाचे कुत्रे सांभाळणाऱ्यांचा विरोध असताना. रूपासाठी पैदास सुरू झाली की काम मागे पडेल ही त्यांची भीती मला रास्त वाटते.

उंची साधारण ४६ ते ५६ सेंटीमीटर, वजन १४ ते २० किलो, आयुष्य १२ ते १५ वर्षं. आकडे मध्यम आहेत, कुत्रा मध्यम नाही.

त्याला समजून घ्यायचं तर त्याची नजर पाहा. समोरून कुणी धावत आलं की तो आधी गोठल्यासारखा थबकतो. मान खांद्यांच्या खाली जाते, शेपूट खाली, कान किंचित मागे, एक पुढचा पाय हवेत तसाच राहतो. डोळे हलत नाहीत. मग पोट जमिनीशी नेऊन तो एकेक पाऊल पुढे टाकतो. मेंढपाळ याला कुत्र्याचा 'डोळा' म्हणतात. मुळात ही शिकारीची साखळी आहे: पाहणं, दबा धरणं, पाठलाग करणं, पकडणं, मारणं. शेकडो पिढ्यांच्या पैदाशीत हिचे पहिले टप्पे टोकदार झाले आणि शेवटचे दाबले गेले. समोर मेंढ्या नसल्या तरी ही साखळी कुठे जात नाही. सायकल, मोटार, धावणारी मुलं, भिंतीवरची सावली, जे हलेल त्याला ती चिकटते. त्यामुळे 'आमचा कुत्रा अचानक गाड्यांमागे लागला' यात अचानक काहीच नसतं.

पिल्लू निवडताना

दिवसाचे नऊ-दहा तास घर रिकामं असेल तर ही जात घेऊ नका. अंगण मोठं आहे, या कारणावर तर अजिबात घेऊ नका. अंगणात सोडलेली बॉर्डर कॉली व्यायाम करत नाही, कुंपणाच्या कडेनं येरझाऱ्या घालते आणि रस्त्यावरच्या प्रत्येक हालचालीवर पहारा ठेवते.

घ्यायचं पक्कं असेल तर आधी पिल्लाची आई पाहा, जमल्यास बापही. आई अनोळखी माणसाजवळ येते का, खोलीत काही घडत नसताना निवांत पडून राहते का, हे पाहा. आईबाप कामाच्या वंशातले आहेत की प्रदर्शनाच्या, हेही विचारा. कामाच्या वंशातली पिल्लं साधारणपणे जास्त तीव्र असतात. पहिलाच कुत्रा असेल तर पिल्लांतलं सर्वांत चपळ आणि पुढे-पुढे करणारं पिल्लू उचलायचा मोह टाळा. मधल्या स्वभावाचं घ्या.

मग कागद मागा. या जातीत काही आनुवंशिक आजार ठरलेले आहेत आणि त्यांची डीएनए चाचणी होते: डोळ्याच्या पडद्यामागचा 'कॉली आय अ‍ॅनॉमली', प्रतिकारशक्ती कोलमडवणारा 'ट्रॅप्ड न्यूट्रोफिल सिंड्रोम', मेंदूच्या पेशी निकामी करणारा 'सीएल' आणि ब१२ जीवनसत्त्व शोषून घेऊ न देणारा 'इमर्सलंड-ग्रासबेक'. दोन्ही पालक वाहक (म्हणजे दोष अंगात असून स्वतः आजारी नसलेले) असतील तर सरासरी चारातल्या एका पिल्लाला आजार होतो; एक जरी पालक त्या दोषापासून मुक्त असेल तर होत नाही. नितंबाच्या सांध्यांचे एक्स-रे वेगळे मागावे लागतात, त्यांतला दोष डीएनए चाचणीत दिसत नाही. आणि 'मर्ल', म्हणजे चट्ट्याचट्ट्यांच्या निळसर रंगाची पिल्लं हवी असतील, तर पालकांपैकी एकच मर्ल आहे याची खात्री करा. दोघंही मर्ल असलेल्या जोडीच्या सरासरी एक चतुर्थांश पिल्लांत मर्लचं जनुक दुहेरी येतं आणि त्यांतली बरीच बहिरी किंवा आंधळी निघतात. रंगापायी हे करणारा पैदासकार कितीही गोड बोलला तरी तिथून बाहेर पडा.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका.

पहिले दोन महिने: झोप आणि जगाची ओळख

लहान पिल्लू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतं, झोपायलाच हवं. बॉर्डर कॉलीचं पिल्लू मात्र झोप आली तरी कबूल करत नाही. डोळे तारवटलेले, दात हाताला आणि पायजम्याला लागतायत, पळणं थांबत नाही: हे उत्साहाचं लक्षण नाही, झोप उलटल्याचं आहे. अशा वेळी खेळ वाढवू नका. जाळीचं छोटं कुंपण किंवा क्रेट (कुत्र्याचा झोपायचा पिंजरा), त्यात अंथरूण, अर्धवट झाकलेला उजेड. तासभर जागं, दीड-दोन तास झोप, असा साधारण फेर धरा.

तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान पिल्लू जग 'नेहमीचं' म्हणून स्वीकारतं. त्यानंतर तेच शिकवायला कितीतरी जास्त वेळ लागतो. लसींचा क्रम साधारण सहा ते आठ आठवड्यांना सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो. तोवर अनोळखी कुत्र्यांची वर्दळ असलेल्या जमिनीवर त्याला सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन बाहेर जरूर न्यायचं.

सर्वांत महत्त्वाची ओळख वाहनांची. गाड्यांमागे धावण्याच्या नादात या जातीचे कुत्रे जीव गमावतात, म्हणून हा धडा मी सगळ्यांच्या आधी ठेवतो. रस्त्यापासून एवढं लांब बसा की पिल्लू गाडीकडे पाहील, पण ताठरणार नाही. गाडी दिसली की खाऊचा बारीक तुकडा तुमच्या पायाशी ठेवा. पुढची गाडी, पुढचा तुकडा. काही दिवसांत गाडी दिसताच पिल्लू आपणहून तुमच्याकडे वळतं. वळू लागलं की मगच दोन पावलं पुढे सरका. मान खाली गेली, नजर खिळली, की अंतर कमी पडलं. काही न बोलता मागे या. त्या क्षणी ओरडून उपयोग नसतो.

थांबायला शिकवणं

मेंढ्यांवर काम करणाऱ्या कुत्र्याचं खरं मोल त्याच्या धावण्यात नसतं. पूर्ण वेगात असताना एका शिट्टीसरशी जागच्या जागी आडवा होतो की नाही, यावर ते ठरतं. इंग्रज मेंढपाळ काम आटोपलं की 'दॅट विल डू' म्हणतात आणि कुत्रा मेंढ्यांकडे पाठ फिरवून त्यांच्याकडे येतो. घरातल्या कुत्र्यालाही हेच लागतं.

सुरुवात एका चटईनं करा. एरवी गुंडाळून ठेवलेली, फक्त या धड्यासाठी अंथरायची चटई.

१. चटई पसरा आणि गप्प उभे राहा. कुत्र्यानं तिच्यावर एक जरी पाय ठेवला तरी खाऊ चटईवरच टाका, हातातून भरवू नका. खाऊची जागा म्हणजे चटई, हे त्याला कळायला हवं.

२. चारही पाय चटईवर येऊ लागले की वाट पाहा. तो कंटाळून बसेल, मग आडवा होईल. आडवा झाला की पुढच्या दोन पायांमध्ये हळूच एकेक तुकडा ठेवत जा. आवाज खाली, हालचाल सावकाश. इथे जोरजोरात 'शाब्बास' म्हणालात तर त्याला उठवाल.

३. आता त्याच्या अंगाकडे पाहा. पहिल्यांदा तो छातीवर, मागचे पाय पोटाखाली दुमडून, उडी मारायच्या तयारीत पडलेला असतो. ही विश्रांती नव्हे. एक कुल्ला बाजूला कलंडला, हनुवटी जमिनीला टेकली, सुस्कारा सोडला: याला खाऊ द्यायचा. ताठ पडलेल्या कुत्र्याला खाऊ देत राहिलात तर तो तासन्‌तास ताठ पडायला शिकेल.

४. दोन तुकड्यांमधला वेळ वाढवत न्या. नंतर तुम्ही खुर्चीत बसा, उठा, दार उघडा. धडा पाच-सात मिनिटांचा. शेवटी 'पुरे' म्हणा, चटई गुंडाळा.

हे जमलं की 'आडवा' हा हुकूम चालता-चालता शिकवा. आधी तुमच्या शेजारी, मग तुमच्यापासून तीन पावलांवर, मग तो तुमच्याकडे येत असताना मध्येच. पळत असताना सगळ्यात शेवटी, आणि तेही लांब दोरी बांधून. तोंडी शब्दाबरोबर हाताची खूण पहिल्या दिवसापासून जोडा.

रोजचा दिवस कसा असावा

पूर्ण वाढलेल्या निरोगी कुत्र्याला दिवसाकाठी साधारण दीड ते दोन तास हालचाल पुरते, आणि त्यातला मोठा भाग सैल पट्ट्यावर हुंगत हिंडण्याचा असावा. हुंगणं वाया गेलेला वेळ नाही. अर्धा तास मनसोक्त हुंगलेला कुत्रा घरी येऊन खरोखर निजतो. त्याशिवाय पाच-दहा मिनिटांचे दोन-तीन डोक्याचे धडे. बाकी वेळ झोप आणि स्वस्थता.

डोक्याच्या कामाची या जातीतली मजल किती, हे 'चेसर' या कुत्रीनं दाखवलं. अमेरिकेतल्या वॉफर्ड कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांनी तीन वर्षांत तिला १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी हजाराचा हट्ट नको, पण पद्धत उचलण्यासारखी आहे. एका वेळी एकच वस्तू. ती हातात धरून नाव घ्या, कुत्र्याला घेऊ द्या, नाव पुन्हा घ्या, आणि बक्षीस म्हणून तिनंच खेळा. नंतर ती दोन पावलांवर ठेवून मागवा, मग दुसऱ्या खोलीतून. दुसरी वस्तू पहिली पक्की झाल्यावरच. दोन्ही शेजारी ठेवून निवडायला सांगितलंत की कुत्रा क्षणभर थांबून विचार करताना दिसतो. ते पाहण्यासाठी तरी हे करून बघाच.

वासाचा खेळ याहून सोपा. खाऊचे तुकडे खोलीत लपवायचे, कुत्र्याला दाराबाहेर थांबवायचं, मग 'शोध'. नाकाच्या कामात नजर खिळत नाही, डोकं तापत नाही.

चेंडूला मात्र मोजून हात लावा. सहा-सात फेका, प्रत्येक फेकीआधी थांबणं, मध्येच एखादा चेंडू शोधायला लावणं, आणि मग चेंडू नजरेआड. तीच तीच फेक अर्धा तास चालली की खेळ संपतो आणि वेड सुरू होतं. शिवाय वेगात वळून अंगावर ब्रेक मारल्यानं खांद्यांची आणि मनगटांची झीज होते. लेझरच्या लाल ठिपक्यामागे या जातीला कधीही, एकदाही पळवू नका. पकडता न येणारा तो ठिपका काही कुत्र्यांना उजेड-सावल्यांच्या कायमच्या नादाला लावतो आणि तो नाद सोडवणं अतिशय अवघड असतं.

हाडांची टोकं पक्की व्हायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं. तोवर सायकलबरोबर पळवणं, उंच उड्या, जिन्याच्या सारख्या फेऱ्या नकोत. मऊ जमिनीवर स्वतःच्या मर्जीनं हुंदडला तर हरकत नाही.

घरात लहान मुलं असतील तर कुत्रा त्यांना 'वळवायला' जाईल, टाचेला दात लावील. यात राग नसतो, पण दात ते दातच. मुलांचा पळापळीचा खेळ सुरू असताना कुत्रा दुसऱ्या खोलीत चटईवर किंवा तुमच्या हातातल्या पट्ट्यावर. मुलांना सांगा: कुत्रा मागे लागला की झाडासारखं उभं राहायचं. थांबलेल्या गोष्टीत त्याला रस उरत नाही.

सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शिकलेलं सगळं विसरल्यासारखा तो वागेल. आवाजांनाही या काळात जास्त बुजतो. ही जात मुळातच फटाके, गडगडाट यांना हळवी आहे. धडे सोपे करा, लांब दोरी पुन्हा काढा, आणि घाबरला तर जवळ घ्या. जवळ घेतल्यानं भीती 'लाडावते' हा समज खरा नाही.

उष्णता

इथे मी ठामपणे सांगतो, कारण यात कुत्रे मरतात. बॉर्डर कॉली स्वतःहून थांबत नाही. शरीर तापलं तरी काम समोर असेपर्यंत ती धावते, म्हणून थांबवायची जबाबदारी पूर्णपणे तुमची. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. तो मुख्यतः धाप टाकून थंड होतो; दमट हवेत धापेचा उपयोग घटतो, म्हणून तापमापकावरचा आकडा कमी असला तरी दमट दिवस जास्त घातक ठरू शकतो.

जीभ रुंद होऊन टोकाशी वळली, वळणावर पाय अडखळला, सावली शोधू लागला, की तिथेच थांबवा. हिरड्या गडद लाल, लाळ चिकट, चाल झिंगलेली, उलटी: हा उष्माघात. आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. सावलीत आणून अंगभर गार पाणी ओतत राहा आणि पंखा किंवा वारा लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते. शुद्धीत असेल तरच पाणी पाजा. उठून चालू लागला तरी पशुवैद्याला दाखवा, कारण आतल्या अवयवांची इजा नंतर दिसते.

या जातीत 'बॉर्डर कॉली कोलॅप्स' नावाचा वेगळा त्रासही आहे. पाच-पंधरा मिनिटांच्या जोरदार धावण्यानंतर कुत्रा भांबावतो, झोकांड्या देतो, मागचे पाय ओढतो, आणि अर्ध्या तासात बहुधा सावरतो. शक्य असेल तर त्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत कुत्रा ठणठणीत दिसतो आणि डॉक्टरांना पाहायला काही उरत नाही.

खाणं, केस, औषधं

मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा खायला द्या. प्रमाण पिशवीवरच्या तक्त्यापेक्षा बरगड्यांवरून ठरवा: बोटांना सहज लागाव्यात, पण लांबून दिसू नयेत, वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली असावी. धड्यांतला खाऊ रोजच्या प्रमाणातूनच वजा करा, कारण या जातीच्या शिकवणीत खाऊ भरपूर लागतो. जोरदार व्यायामाच्या आधी-नंतर तासभर पोटभर खाणं नको. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेली च्युइंगगम किंवा मिठाई विषारी आहे.

केसांचे दोन थर असतात. आठवड्यातून दोनदा ब्रश, केस गळण्याच्या हंगामात रोज. कानांमागे, काखेत आणि मांड्यांवरच्या लांब केसांत गाठी होतात, तिथे आधी फणी घाला. उन्हाळ्यात अंगावरचे केस साफ भादरू नका: वरचा थर ऊन अडवतो आणि एकदा कापला की पूर्वीसारखा येईलच असं नाही. बोटांमधले केस तेवढे कापा, नाहीतर गुळगुळीत फरशीवर घसरतो. बाहेरून आल्यावर कानांच्या आत, मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड चाचपा.

औषधांबाबत एक गोष्ट पशुवैद्याशी पहिल्याच भेटीत बोला. कॉली कुळातल्या कुत्र्यांत 'एमडीआर१' नावाच्या जनुकात दोष आढळतो. बॉर्डर कॉलीत तो क्वचित असतो, पण असतो. असा दोष असलेल्या कुत्र्यात गुराढोरांना दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन किंवा जुलाबावरचं लोपेरामाइड थेट मेंदूत शिरून जीवघेणं ठरू शकतं. एकदाच चाचणी करून निकाल कुत्र्याच्या फाइलवर ठळक लिहून ठेवा, आणि चाचणी होईपर्यंत ही औषधं पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नका. गुरांच्या शेणातूनही आयव्हरमेक्टिन पोटात जाऊ शकतं. औषध दिलेल्या जनावरांजवळ कुत्र्याला तोंड घालू देऊ नका.

फिट आली तर हात तोंडात घालू नका. आजूबाजूच्या वस्तू हटवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा लागोपाठ आल्या तर तातडीनं दवाखाना गाठा. मिरगीही या जातीत आढळते आणि बहुधा तरुणपणी सुरू होते.

दहाव्या वर्षाच्या आसपास कुत्रा हाकेला उशिरा वळू लागतो. पुष्कळदा तो हट्ट नसतो, ऐकू कमी येत असतं. लहानपणी हाताच्या खुणा शिकवल्या असतील तर त्या आता कामी येतात. फेऱ्या लहान करा, दिवसातून एकाऐवजी तीन करा, निसरड्या फरशीवर सतरंजी टाका, आणि वासाचे खेळ चालू ठेवा. मागून जाऊन एकदम हात लावू नका. आधी जमिनीवर पाय आपटा, कंप जाणवला की तो स्वतःच वळून पाहील.